‘तपस’ची वही उघडा: संरक्षणमंत्री आणि डीआरडीओच्या अध्यक्षांना खुलं पत्र

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री, भारत सरकार
आणि
माननीय अध्यक्ष, संरक्षण संशोधन आणि विकास संघटना (डीआरडीओ),
नवी दिल्ली

विषय: ‘तपस’ टेहळणी विमानाच्या अपघातांचे अहवाल आणि त्याच्या देशी इंजिनाचं काम

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी विमान क्षेत्रातला माणूस नाही. एकतीस वर्षं मी पुण्यात, भोसरीच्या एमआयडीसीत, डिझेल इंजिनं टेस्ट बेडवर चालवली आणि तिथूनच निवृत्त झालो. इंजिन डायनॅमोमीटरला, म्हणजे त्याची ताकद मोजणाऱ्या यंत्राला, जोडायचं, लोड द्यायचा आणि शेकडो तास पळवायचं, हे माझं काम. शॉपवर त्याला सगळे नुसतं ‘एन्ड्युरन्स’ म्हणत. “आज एन्ड्युरन्सला कोण?” म्हणजे आज रात्रपाळीला काचेपलीकडे कोण बसणार. म्हणून पेपरात ‘लाँग एन्ड्युरन्स ड्रोन’, म्हणजे बराच वेळ हवेत राहणारं बिनवैमानिक विमान, असं वाचलं की बाकीच्यांच्या डोळ्यांपुढे कॅमेरा येतो, माझ्या कानात इंजिन सुरू होतं.

पत्राचं कारण असं. फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारने ‘रुस्तम-२’ या बिनवैमानिक विमानासाठी सुमारे १५४० कोटी रुपये मंजूर केले. नाव दिलं होतं रुस्तम दमानियांचं, ज्यांनी १९८०च्या दशकात बेंगळुरूच्या एनएएल या विमान संशोधन संस्थेत हलक्या विमानांचा पाया घातला. बेंगळुरूच्याच एडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने हे विमान घडवलं आणि पुढे त्याचं नाव ‘तपस’ झालं. दलांची अट होती तीस हजार फूट उंची आणि सलग चोवीस तास. नोव्हेंबर २०१६ मध्ये कर्नाटकातल्या चित्रदुर्ग जिल्ह्यात ते पहिल्यांदा उडालं, दोनशेहून जास्त उड्डाणं झाली आणि ते अठ्ठावीस हजार फूट आणि अठरा तासांपर्यंत पोचलं. जानेवारी २०२४ मध्ये बातमी आली, की अट पुरी झाली नाही म्हणून ‘मिशन मोड’, म्हणजे दलांच्या मागणीप्रमाणे ठरल्या मुदतीत पुरा करायचा, प्रकल्प या नात्याने तपसचं काम थांबवलं आहे.

हे विमान कशासाठी हवं होतं, हे आपल्याला मी सांगायची गरज नाही. तरी पत्र खुलं आहे, वाचणारे बरेच आहेत, म्हणून लिहितो. ३ मे १९९९ ला कारगिलमधली घुसखोरी सैन्याला पहिल्यांदा कळली ती गारखोन गावच्या ताशी नामग्याल यांच्याकडून. त्यांचा याक हरवला होता. तो शोधताना त्यांना दुर्बिणीतून डोंगरावर खणणारी माणसं दिसली. शिखरांवर शत्रू बसला होता आणि आपल्याला खबर दिली एका पशुपालकाने. नोव्हेंबर २००८ मध्ये दहा जण कराचीहून निघाले, वाटेत ‘कुबेर’ ही आपलीच मच्छीमार बोट ताब्यात घेतली आणि कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. तो सगळा समुद्र त्यांनी कुणाच्याही नजरेस न पडता पार केला. घिरट्या घालत दिवस-रात्र एकाच पट्ट्यावर नजर ठेवणारं विमान हवं ते याच्यासाठी. माणूस बसवलेलं विमान काही तासांत परतावंच लागतं, उपग्रह ठरलेल्या वेळी वरून निघून जातो. हे विमान तिथंच थांबतं. त्याचा सगळा जीव दमसासात आहे.

आता मला जे कळतं त्याबद्दल. विमान किती वेळ हवेत राहणार, हे तीन गोष्टी ठरवतात: एकूण वजनात इंधन किती, पंख हवेवर किती सहज तरंगतात आणि इंजिन तासाला किती पितं. तपसचं वजन १८०० किलो योजलं होतं, प्रत्यक्षात ते २८५० किलोवर गेलं. एक टनाहून जास्त फरक! शेजारी इस्रायलचं हेरॉन ठेवून पाहा. आपली दलं ते कित्येक वर्षं वापरत आहेत. ते सगळं भरून सव्वा टनाच्या आसपास आहे, ११५ एचपीच्या एका इंजिनावर उडतं आणि चाळीस तासांच्या वर राहू शकतं. आपल्या विमानाला दोन इंजिनं लागली. वजन वाढलं की ताकद वाढवा, ताकद वाढवली की इंधन वाढवा, इंधन वाढवलं की पुन्हा वजन. गाडीच्या इंजिनातही हे चक्र आम्ही पाहिलं आहे. फक्त रस्त्यावर गाडी थोडी जड झाली तर गिऱ्हाईक चार पैसे जास्त भरतं, आकाशात त्याची किंमत तासांत द्यावी लागते.

दुसरं म्हणजे उंची. तीस हजार फूट म्हणजे एव्हरेस्टच्या माथ्याहूनही वर. तिथली हवा जमिनीवरच्या हवेच्या जेमतेम एक तृतीयांशाहून थोडी जास्त दाट आणि बाहेर उणे चव्वेचाळीस अंश. डिझेल इंजिनाला तिथं श्वास घ्यायचा तर हवा दाबून आत ढकलणाऱ्या टर्बोला जमिनीपेक्षा कितीतरी जास्त पळावं लागतं. गंमत अशी, की बाहेर एवढी थंडी असूनही इंजिन तापतं, कारण विरळ हवा उष्णता वाहून नेत नाही. एकीकडे टाकीतलं इंधन गोठायला येतं, दुसरीकडे टर्बोचं तेल जळायला येतं. अशा ठिकाणी अठरा तास इंजिन चाललं, हे वाचून मी मनापासून हात जोडले. ज्यांनी हे केलं त्यांना ‘अपयशी’ म्हणताना माझी जीभ रेटत नाही. उरलेले सहा तास फार अवघड होते, हेही मला समजतं. म्हणूनच त्या अठरा तासांत काय कळलं, हे हरवता कामा नये.

इथे एक प्रसंग सांगतो. नोकरीचं दुसरं वर्ष, पहाटे साडेतीनचा सुमार. बेडवरच्या इंजिनाचा बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, थोडा उतरला, धूर किंचित काळवंडला, एक्झॉस्टचा काटा वर सरकू लागला. आत जाऊन पाहिलं तर टर्बोपासून येणाऱ्या होजची क्लिप सैल. पाना घेतला, दीड आटा आवळली, काटा जागेवर आला. मला स्वतःचाच अभिमान वाटला. वहीत मात्र काही लिहिलं नाही, कारण इंजिन तर थांबलंच नव्हतं. नऊ-दहा दिवसांनी शेजारच्या बेडवर तसलाच होज रात्री पूर्ण निसटला, पाळीवरच्या मुलाच्या लक्षात यायला उशीर झाला आणि पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसला. फोरमन माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या पाळीची वही उघडली, साडेतीनच्या समोरच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे इंजिन इथं गेलं.”

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकही क्लिप लिहिल्याशिवाय आवळली नाही.

म्हणून मी आपल्याकडे तपसची वही मागतो आहे. १७ सप्टेंबर २०१९ ला तपसचं एक विमान जोडीचिक्केनहळ्ळीच्या शेतात पडलं. २० ऑगस्ट २०२३ ला दुसरं एक हिरियूर तालुक्यातल्या वड्डिकेरे गावाजवळ, पुन्हा शेतातच. कुणी दगावलं नाही, ही मोठी कृपा. दोन्ही वेळा चौकशी सुरू झाल्याची बातमी आली. चौकशीत निघालं काय, हे देशाच्या इंजिनिअरांपुढे आलं नाही. प्रवासी विमान पडलं तर आपलं विमान अपघात तपास मंडळ पानभर फोटो, आलेख आणि शिफारशींसकट अहवाल छापतं आणि कुणीही तो वाचू शकतं. लष्करी विमानाचं सगळंच सांगता येणार नाही, हे मला मान्य आहे. रडार काय पाहतं, संदेश कोणत्या लहरींवर जातात, हे झाकलंच पाहिजे. पण इंधनाची नळी, पंखाची नियंत्रणं, सेन्सरची चुकीची नोंद यात कुठलं गुपित? अमेरिकेचं हवाईदल आपल्या प्रिडेटर आणि रीपर या बिनवैमानिक विमानांच्या मोठ्या अपघातांचे अहवाल लोकांसमोर ठेवतं. त्याने त्यांची विमानं कमकुवत झाली नाहीत. त्याच घराण्यातली विमानं आपण आज त्यांच्याकडून घेतो आहोत.

त्या घराण्याची सुरुवातही आठवावी. अब्राहम कॅरेम हा बगदादमध्ये जन्मलेला, इस्रायलमध्ये विमानविद्या केलेला माणूस. अमेरिकेत गेल्यावर लॉस एंजेलिसच्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने ‘अल्बट्रॉस’ नावाचं छोटं विमान बांधलं. ते छप्पन तास हवेत राहिलं. त्यातून पुढे ‘अँबर’ आलं, मग पैसा आटला, कंपनी बुडाली आणि जनरल अॅटॉमिक्सने ती घेतली. आणि १९९४ मध्ये प्रिडेटर उडालं. १९९५ मध्ये बोस्नियावर ते पहिल्यांदा कामाला लावलं तेव्हा दोन विमानं गमावली. तिथंच त्यांनी ‘अट पुरी झाली नाही’ असा शेरा मारला असता तर? त्यांनी विमान बदलत नेलं, त्याच रेषेवर रीपर आलं आणि त्याच रेषेवर आजचं एमक्यू-९बी उभं आहे.

१५ ऑक्टोबर २०२४ ला आपण त्या एमक्यू-९बीची एकतीस विमानं घेण्याचा करार केला, पंधरा नौदलाला, आठ-आठ भूदल आणि हवाईदलाला, सुमारे बत्तीस हजार कोटींना. गलवाननंतर नौदलाने भाड्याने घेतलेली याच जातीची दोन विमानं तामिळनाडूतल्या अरक्कोणमहून उडतच होती. त्यांतलं एक सप्टेंबर २०२४ मध्ये बंगालच्या उपसागरात उतरवावं लागलं. जानेवारी २०२५ मध्ये ‘दृष्टी-१०’ हे इस्रायली बनावटीवरून हैदराबादला बांधलेलं विमान पोरबंदरजवळ समुद्रात पडलं, नौदलाच्या ताब्यात येण्याआधीच. ही उदाहरणं मी कुणाला हिणवायला देत नाही. नावाजलेली विमानंही पडतात, एवढंच दाखवायचं आहे. विकत घ्यायला माझा विरोध नाही. सीमेवरचा जवान आपली प्रयोगशाळा यशस्वी होईपर्यंत डोळे मिटून बसू शकत नाही. पण घेतलेल्या विमानाच्या बिघाडाची वही विकणाऱ्याच्या घरी राहते. ती आपल्याला कधीच पूर्ण वाचायला मिळणार नाही. जी आपल्या घरी आहे ती तरी वाचू द्या.

आता या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट. तपसवर आधी रशियन टर्बोप्रॉप इंजिनं होती, ती कमी पडली म्हणून ऑस्ट्रियाच्या ऑस्ट्रो कंपनीची १८० एचपीची डिझेल इंजिनं आली. हे इंजिन मुळात कशातून घडलं आहे ठाऊक आहे का? मर्सिडीझच्या छोट्या मोटारगाडीच्या दोन लिटरच्या इंजिनातून. चार सिलिंडर, कॉमन रेल, टर्बो. म्हणजे पिंपरी, चाकण, नगर आणि औरंगाबादच्या पट्ट्यात ज्या जातीच्या इंजिनाचे ब्लॉक, क्रँक, इंजेक्टर आणि टर्बो रोज हजारोंनी तयार होतात, त्याच जातीचं! माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आज त्याच कामावर आहेत.

आणि ही ऑस्ट्रियन कंपनी २०१७च्या डिसेंबरात तिच्या मूळ विमान कंपनीसकट चीनच्या वानफेंग समूहाने विकत घेतली. लडाखमध्ये ज्यांच्यावर नजर ठेवायची, त्यांच्याच देशातल्या मालकाच्या हाती त्या नजरेचं इंजिन. सुटा भाग मागवायचा तर कुणाकडे? नवी आवृत्ती हवी तर कुणाच्या परवानगीने? या एका कारणासाठी तरी देशी इंजिनाचं काम कोणत्याही विमानाच्या नशिबाशी बांधून ठेवू नये. नगरला डीआरडीओच्याच व्हीआरडीई या वाहनांच्या प्रयोगशाळेत तपससाठी १८० एचपीच्या देशी डिझेल इंजिनाचं काम हाती घेतलं गेलं. ती बातमी वाचली त्या दिवशी मी घरी पेढे आणले होते, हे अगदी खरं सांगतो. तपस थांबलं म्हणून त्या इंजिनाच्या फायली कपाटात गेल्या, तर पुढच्या विमानालाही आपण परदेशी इंजिनच शोधत फिरणार.

पुढचं विमान तर येतंच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने तिन्ही दलांसाठी याच जातीच्या बिनवैमानिक विमानांना प्राथमिक मंजुरी दिली. माझी कळकळीची विनंती आहे, की त्या खरेदीच्या अटींत ‘देशी’ या शब्दाचा हिशेब सांगाडा, रंग आणि जुळणीवर करू नका. पहिल्या तुकडीला इंजिन बाहेरचं लागेल, तसं लागू द्या. पण अमुक वर्षापासून इंजिन इथलंच, अशी तारीख करारात लिहा. तारीख लिहिली की पुरवठादार पैसा घालतो. हे मी गाड्यांच्या धुराच्या नियमांत डोळ्यांनी पाहिलं आहे. भारत स्टेज सहाची तारीख १ एप्रिल २०२० अशी ठरली, तेव्हा ‘अशक्य’ म्हणणाऱ्या कंपन्यांचे बेड दिवस-रात्र तीन पाळ्यांत चालले आणि इंजिनं वेळेत तयार झाली. आणि उंचीवरची विरळ, थंड हवा जमिनीवरच तयार करून इंजिन तपासणारी खोली खाजगी कारखान्यांना, कॉलेजांना भाड्याने खुली करा. लहान कारखानदार असली खोली स्वतः बांधू शकत नाही. त्याच्याकडे इंजिन असतं, हुशार मुलं असतात, उंची नसते.

तपसची जी विमानं शिल्लक आहेत, तीही नुसती उभी ठेवू नयेत. १६ जून २०२३ ला चित्रदुर्गहून उडालेल्या तपसचं नियंत्रण कारवारपासून १४८ किलोमीटर समुद्रात असलेल्या आयएनएस सुभद्राने हाती घेतलं, चाळीस मिनिटं ते जहाजावरून चालवलं आणि विमान वीस हजार फुटांवर साडेतीन तास राहून सुखरूप परतलं. कोकणचा किनारा न्याहाळायला तीस हजार फूट लागत नाहीत. २०१९च्या महापुरात सांगली आणि कोल्हापुरात कुठल्या गल्लीत पाणी चढतंय, हे रात्रभर वरून पाहणारं काही असतं तर बोटी कुठं पाठवायच्या ते लवकर कळलं असतं. युद्धाच्या अटीत जे बसलं नाही ते तटरक्षक दलाला, पूरनियंत्रणाला द्या. उडत राहिलं तर तास वाढतील, वही भरत जाईल.

एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही, कारण मी विमानाच्या बाजूने एवढं बोलतो आहे. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये अमेरिकेने एक पांढरी कोरोला आठेक तास वरून पाहिली. गाडीत कुणी काय ठेवलं, कुठं थांबली, सगळं पाहिलं आणि शेवटी क्षेपणास्त्र सोडलं. मेले ते दहा निरपराध लोक, त्यांत सात लेकरं. गाडीत पाण्याचे कॅन होते. मशीनचा दमसास पुरेसा होता, खाली काय चाललंय ते समजून घेण्यात माणसं चुकली. आपलीही विमानं उद्या शस्त्र घेऊन उडतील, तेव्हा पडद्यासमोर बसणाऱ्या मुलामुलींना शिकवायला पुष्कळ उड्डाणतास आणि पुष्कळ प्रामाणिक नोंदी लागतील. ‘मला असं वाटलं, आणि ते चूक निघालं’, हे वहीत लिहायची ज्याला भीती वाटत नाही, असा माणूस तिथं हवा. त्या घटनेनंतर तीन आठवड्यांच्या आत अमेरिकी लष्कराने चूक जाहीर कबूल केली. मेलेली लेकरं परत येत नाहीत. पण निदान कबुली नोंदली गेली, ती पुढच्यांना वाचता येते.

तपसच्या तुकडीतल्या तरुण शास्त्रज्ञांबद्दल दोन शब्द. दहा-बारा वर्षं एका विमानाला दिली आणि शेवटी बातमीत ‘रद्द’ हा शब्द वाचला, असं ज्यांच्या वाट्याला आलं त्यांना कसं वाटत असेल ते मला कळतं. आमचंही एक इंजिन अकरा महिने चालवून बंद झालं होतं. त्या दिवशी आमच्या साहेबांनी सगळ्यांना कँटीनला नेलं आणि प्रत्येकाला विचारलं, या इंजिनातून तू काय शिकलास ते सांग. दोन तास लोक बोलत होते आणि एक जण लिहून घेत होता. पुढच्या इंजिनाचं डिझाइन त्या कागदांवरून सुरू झालं. आपण दोघांनी त्या मुलांना असं एकदा बसवावं. त्यांतलं जे सांगण्याजोगं असेल ते पुस्तक करून छापावं. मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीतही छापलं तर पॉलिटेक्निकची मुलं वाचतील. मी ते विकत घेऊन आमच्या भागातल्या आयटीआयच्या वाचनालयात ठेवीन.

आणि नगरच्या इंजिनाला रात्रपाळीसाठी माणसं कमी पडत असतील तर कळवावं. आम्ही सहा-सात निवृत्त लोक आहोत. कान अजून शाबूत आहेत, स्वतःच्या खर्चाने येऊ, वही आम्हीच घेऊन येऊ.

आपला नम्र,
एक निवृत्त टेस्ट बेड सुपरवायझर
भोसरी, पुणे